रामघाटावर ऐकलेली परीक्षा

बनारसला मी गेले ते पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी. साताऱ्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवते. वर्गात तासन्‌तास बोलते, पण समोर कुणी परीक्षक म्हणून बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही. गेल्या वर्षी पुण्यातल्या अशाच एका मुलाखतीत मी नुसतं "माफ करा" म्हणून बाहेर आले होते. या वेळी मला एवढंच हवं होतं, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोंडातून बाहेर पडावं.

"दोन दिवस आधी जा," नवरा म्हणाला. "गंगा बघ. डोकं शांत होईल."

पुण्याहून गाडी, एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग. हिवाळ्यात धुक्यामुळे गाड्या रखडतात, तेव्हा परीक्षेसाठी जाणाऱ्यांनी एखादा दिवस हाताशी ठेवावाच. स्टेशनवरून मैदागिन चौकापर्यंत ई-रिक्षा मिळते. माणशी थोड्या पैशांत काम होतं. पुढे गल्ल्या आणि आपले पाय. चाकांची बॅग नेऊ नका, पाठीवरची न्या.

मंगला गौरीच्या देवळाजवळ आत्याच्या सासरकडच्या काकू राहतात. त्यांच्या कितीतरी पिढ्या तिथेच गेल्या, पण घरात मराठी आहे. "ये गं, ये. सांडाला बाजू दिलीस ना? इथं गलीत त्याचा हक पहिला," म्हणत त्यांनी चहा ठेवला. त्यांचा मुलगा अनंत रामघाटावरच्या एका वेदपाठशाळेत शिकतो. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती आणि तो निवांत जिलबी खात बसला होता.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना, ताई. म्हणून तर खातोय. भूखे पेट डर ज्यादा लगता है."

"कालपासून अर्धा किलो संपवली यानं," काकू म्हणाल्या. "इतका डर आहे याला."

पहाटे मी एकटीच मुन्शी घाटावर गेले. मोबाइलमध्ये श्वासाचे व्यायाम उतरवून घेतले होते. डोळे मिटले, श्वास आत घेतला, तेवढ्यात कानाशी एका नावाड्याचा आवाज आला, "दीदी, नाव?" पुन्हा मिटले. "दीदी, सस्ते में!" शेवटी व्यायाम सोडून नुसती बघत बसले. पलीकडचा काठ नव्हताच. धुकं आणि पाणी एक झालं होतं, आणि त्यातून नाव आधी ऐकू यायची, मग दिसायची. नकाशावर ही नदी मी शेकडो वेळा काढली असेल. त्या पांढऱ्या शांततेसमोर माझी ती निळी रेघ मला फार धिटाईची वाटली. छाती मोकळी झाली खरी, पण मुलाखतीची आठवण येताच पुन्हा आवळली. हे प्रामाणिकपणे नोंदवते, कारण नदी बघून भीती जाते असं मी कुणाला सांगणार नाही.

अनंतची परीक्षा बघायला काकूंनी मला सोबत नेलं. आम्ही दारालगत बसलो. पद्धत अशी, की परीक्षक पोथीत एक बारीक काडी खुपसतात. जे पान उघडेल तिथले पहिले शब्द ते म्हणतात आणि पुढचं सगळं विद्यार्थ्याने पाठ म्हणायचं. हजारो ऋचांतून कुठलीही. याला शलाका परीक्षा म्हणतात.

अनंतने सुरुवात केली. तो आवाज त्या सडपातळ पोराचा वाटेना. स्वर चढत, उतरत होते आणि जमिनीतून माझ्या तळपायाला जाणवत होते. अर्थ मला कळत नव्हता, तरी अंगावर काटा आला.

आणि तो अडला.

आता कुणी हसेल, कुणी पुढचा शब्द सांगेल, असं वाटलं. पण समोर बसलेल्या चारही वृद्ध परीक्षकांनी डोळे मिटून घेतले. काकूंनीही मिटले. अनंत ऋचेच्या सुरुवातीला गेला, पुन्हा म्हणत आला आणि त्याच जागी थांबला. मग तो आणखी मागे गेला, दोन ऋचा आधी. या वेळी तो शब्द असा ओलांडून गेला, जणू तिथे कधी काही अडलंच नव्हतं. मग सगळ्यांनी डोळे उघडले.

"डोळे का मिटले सगळ्यांनी?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"अडलेल्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं," काकू म्हणाल्या. "बघितलं तर त्याला आपली तोंडं दिसतात, मंत्र दिसत नाही. आणि त्यानं तिथंच उभं राहायचं नाही. मागं जायचं. इथं लहानपणापासून हेच."

मला त्या श्रद्धेतलं काही कळत नाही. त्यातून स्वतःपुरता उपाय उचलणं योग्य आहे का, हे मी रात्रभर स्वतःला विचारलं.

मुलाखतीत पाच जण होते. कृष्णाकाठच्या पुरांबद्दलच्या माझ्याच विषयावर दुसरा प्रश्न आला आणि डोकं कोरं झालं. इथे डोळे कोण मिटणार? दहा डोळे माझ्यावर. मीच माझे खाली वळवले आणि म्हटलं, "मैं थोड़ा पीछे से शुरू करती हूँ." नदीच्या वळणापासून सुरू केलं. पुन्हा अडले. आणखी मागे गेले, थेट पावसापर्यंत. मग वाक्यं येऊ लागली, एकामागून एक, माझ्या स्वतःच्या आवाजात. पूर गावात शिरतच होता, तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, "समय हो गया, मैडम."

घरी परतून तीन आठवडे झाले. अनंत पास झाला. काकूंनी फोनवर आधी हे सांगितलं आणि मग थंडीची तक्रार केली. माझं नाव यादीत नाही. वाईट वाटलं, दोन दिवस नीट जेवले नाही, हेही लिहून ठेवते. मागे जाण्यात वेळ जातो आणि मुलाखतीचं घड्याळ पाठशाळेसारखं थांबत नाही. त्यामुळे हा उपाय सगळीकडे लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

काल पुढच्या वर्षीचा अर्ज कधी निघतो ते बघत होते. नवरा म्हणाला, "पुन्हा तेच पाच जण असतील."

"असू देत," मी म्हटलं. "त्यांनी अजून शेवट ऐकलेला नाही."