चावीला लावलेला कान

रस्त्यातल्या खड्ड्यात पाण्याच्या वॉलवर लोखंडाची लांब चावी उतरवायची, ठरलेले आटे फिरवायचे, मग कमरेत वाकून चावीच्या मुठीला उजवा कान लावायचा आणि डोळे मिटायचे. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन अण्णांच्या तोंडाकडे बघत उभ्या असायच्या. तेवढा वेळ कुणी भांडत नसे. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरची आठी सुटायची आणि ते म्हणायचे, "यायलंय."

'आलं' असं ते कधी म्हणाले नाहीत. नळाला धार लागली तरी म्हणायचे नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "आलं म्हनलं की मानसं निवांत होत्यात साब, अन् निवांत मानसाची घागर वाहून जाती."

आमचं गाव बिदर जिल्ह्याच्या कडेचं, तालुक्याचं. इथं अर्धी गल्ली मराठी बोलते, अर्धी कन्नड, आणि नळावर दोन्ही मिसळून बोलतात. मी पुरसभेत, म्हणजे तुमच्याकडच्या नगरपालिकेत, पाणीखात्याचा कारकून होतो. अण्णा तिथले वाटरमन. कुठल्या गल्लीला कधी आणि किती पाणी जायचं ते त्यांच्या हातात. पाणी चार दिवसांआड. उशीर झाला की फोन मला आणि शिव्याही मला. अण्णांना मात्र त्याच गल्लीत चहा मिळायचा. याचा मला राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एकदा पुरसभेच्या एका मेंबरनं त्यांना भर रस्त्यात अडवलं आणि आपल्या घराकडचा वॉल आणखी फिरवायला लावला. अण्णांनी मान डोलावली, धोतर खोचलं आणि सगळ्यांच्या देखत दोन आटे फिरवले. दुसऱ्या दिवशी मेंबर ऑफिसात येऊन माझ्यावर तणतणले की पाणी पहिल्यापेक्षा कमी झालं. मी अण्णांना बोलावून घेतलं.

"फिरवला का नाही वॉल?"

"फिरवला की साब. कुन्या अंगाला फिरवायचा ते त्यांनी सांगितलं न्हाई."

मला हसू आवरेना. मेंबर गेल्यावर दोघांनी मिळून चहा घेतला, पैसे अर्थात मी दिले.

त्यांचं स्वतःचं घर टेकावरच्या गल्लीत अगदी शेवटचं होतं. पाणी चढून तिथं पोचेपर्यंत दमायचं. त्यांची बायको, तिला सगळे अक्का म्हणायचे, दारातूनच ऐकवायची, "साऱ्या गावाला पानी पाजायलास, अन् माझी घागर कोरडी. एक आटा आपल्यासाठी फिरवला तर काय हात झडतील का?" अण्णा म्हणायचे, "पाळीला येतंय की." एवढंच. पाळी सोडून त्यांनी आपल्या गल्लीला कधी थेंबही सोडला नाही.

पाळी मोडायची ती एकाच कारणासाठी. गावात कुणी गेलं की त्या गल्लीचा वॉल उघडायचा, मग वार कुठलाही असो. मयताला अंघोळ घालायची असते, मातीहून परतलेल्यांना अंघोळ करायची असते, घर धुवायचं असतं. हे कुणी त्यांना सांगावं लागत नसे आणि तेही कुणाला विचारत नसत. माझे वडील गेले त्या सकाळी आमच्याकडं पाण्याची पाळी नव्हती. मी पाणीखात्यातला माणूस, पण पाण्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. अंगणातला नळ आपोआप वाजायला लागला तेव्हा मला रडू फुटलं, आणि तोपर्यंत ते फुटलं नव्हतं. मी पुढं आभार मानायला गेलो तर अण्णा दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

मग सरकारनं गावचं पाणी एका कंपनीकडं चालवायला दिलं. हे मी कंपनीला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. गटारीतून जाणारी जुनी नळी बदला म्हणून आम्ही वर्षानुवर्षं वर कागद पाठवत होतो. कंपनीनं ती एका उन्हाळ्यात बदलली. आता पाणी दिवसाआड येतं आणि पुढं चोवीस तास येणार म्हणतात. घोडं अडलं ते सुरुवातीलाच. कंपनीची इंजिनिअर मुलगी गुलबर्ग्याहून आली, माझ्या टेबलासमोर बसली आणि तिनं जुन्या लाइनचा नकाशा मागितला. आमच्या कपाटातल्या नकाशाला वाळवी लागून जमाना झाला होता. मी तिला अण्णा दाखवले.

आधी मी अण्णांना बाजूला घेतलं. म्हटलं, "सगळं सांगू नका. थोडं हातात ठेवा. तुमच्याशिवाय अडतंय म्हटल्यावर कंपनी तुम्हाला कामावर घेईल."

ते माझ्याकडं असं बघायला लागले की मीच खाली बघितलं. "कामून ठेवू साब? चुकीचा वॉल उघडला तर टेकावर पानी चढत न्हाई. त्यात कंपनीचं काय जातंय? लेकराबाळांचं जातंय."

आठ दिवस आम्ही तिघं गावभर फिरलो. अण्णा पुढं, इंजिनिअर बाई टेप घेऊन मधे, मी कागद घेऊन मागं. अण्णा पायानं जमिनीवर रेघ मारायचे आणि म्हणायचे, "इथं हाय." खणलं की नळी तिथंच सापडायची. कुठला वॉल किती आटे, कुठला उलटा बसलाय, कुठल्याचा दांडा मोडकाय, सगळं त्यांना पाठ. तिच्याशी ते कन्नडमधे बोलायचे आणि तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. तीही तिसऱ्या दिवसापासून चावीला कान लावायला लागली. टेकावरच्या गल्लीशी आल्यावर अण्णा म्हणाले, "लिवा. साडेतीन आटे. अन् आधी बाजारचा वॉल एक आटा मिटवायचा, तवा कुठं पानी चढतंय."

मी लिहिलं. शेवटच्या दिवशी कागद गुंडाळताना त्यांनी मला थांबवलं. "अजून एक ऱ्हायलं. मयत झालं की त्या गल्लीला पाळी नसली तरी सोडायचं. विचारायचं न्हाई. लिवा."

"अण्णा, हे नकाशात बसत नाही."

"बसवा की."

मी होकार दिला आणि लिहिलं नाही. तो कागद गुलबर्ग्याच्या ऑफिसात जायचा होता. तिथं साहेबलोक नकाशावर मयताची नोंद वाचून हसतील, असं मला वाटलं. माझ्या वडिलांच्या दिवशी आलेलं पाणी मी विसरलो नव्हतो. तरीही नाही लिहिलं.

कंपनीनं तरुण वाटरमन ठेवून घेतले. अण्णांचं वय झालं होतं. जाताना त्यांनी आपली चावी घरी नेली. ती पुरसभेची नव्हतीच, त्यांनी स्वतः लोहाराकडून करून घेतली होती. मी भेटायला गेलो की ते ओट्यावर बसलेले असायचे आणि नळाला कान लावून मला बातमी द्यायचे. एकदा मी म्हणालो, "वाईट नाही वाटत?" तर म्हणाले, "पानी येतंय न्हवं? त्याला कुठं ठावं, कुनी सोडलं." अक्का आतून म्हणाली, "आता तरी एक आटा माझ्यासाठी फिरवा म्हनावं कंपनीला." तिघंही हसलो.

गेल्या पावसाळ्यानंतर अण्णा गेले. सकाळी निरोप आला तसा मी टेकावर गेलो. अंगण माणसांनी भरलं होतं आणि नळ कोरडा होता. पाळी उद्याची. शेजाऱ्यांनी आपापल्या पिंपातून चार घागरी आणून ठेवल्या होत्या. कुणी कुरकुरलं नाही. पण अक्का मयताजवळ बसून मधूनमधून नळाकडं बघत होती. ती कशाची वाट बघतेय आणि ते का येत नाही, हे त्या गर्दीत फक्त मला कळत होतं, आणि मला तिथं उभं राहवेना.

मी भिंतीआड जाऊन इंजिनिअर बाईंना फोन लावला. अण्णा गेल्याचं सांगितलं. मग मी पाण्याचं बोललो.

"सर, त्या भागाची पाळी उद्या आहे. मला वरून विचारतील. शीटवर तशी काही नोंद आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "अण्णांनी सांगितली होती. मी लिहिली नाही. चूक माझी आहे."

 

"किती आटे, सर?"

"साडेतीन. आधी बाजारचा एक मिटवायचा."

"माणूस पाठवते. आणि ती नोंद आजच लिहून द्या. मी सही करते."

मोटरसायकलवरून कंपनीचा पोरगेला वाटरमन आला. येताना तो बाजारचा वॉल एक आटा मिटवूनच आला होता. त्याच्याकडं कंपनीची चावी होती, पण अक्कानं कुणाला तरी सांगून दारामागची अण्णांची चावी बाहेर पाठवली. त्यानं ती खड्ड्यात उतरवली आणि फिरवायला लागला. मी मोठ्यानं मोजत होतो. साडेतीनला तो थांबला आणि बाजूला सरकला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी चावीला कधी हात लावला नव्हता. मी वाकलो. मूठ झिजून गुळगुळीत झाली होती. तिला कान लावला आणि डोळे मिटले. आधी काहीच नाही, नुसतं गार लोखंड. गल्ली गप्प झाली होती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत असणार, हे मला डोळे मिटूनही कळत होतं. मग फार खालून, बाजाराच्या अंगानं, बारीक घरघर ऐकू यायला लागली आणि चढ चढत जवळ आली.

"अक्का," मी म्हणालो, "यायलंय."