पंखाची शिवण

त्या दुपारी बायकोने मला चार वेळा सुई भोसकली. चौथ्या वेळी अंगठ्यातून भळाभळा रक्त आलं.

"आंधळी झालीस का?" मी ओरडलो.

"तुम्ही भोकासमोर हात धरता कशाला?" पलीकडून आवाज आला. "सुई बाहेर आली की धरा. आधीच भीक मागायला बसल्यासारखा हात पसरायचा नाही."

आमच्या दोघांच्या मधे विमानाचा पंख धारेवर उभा होता. जुनं, दोन माणसांचं विमान, माझ्यापेक्षा वयाने मोठं. पंखात लाकडाच्या फासळ्या आणि वरून दोन्ही बाजूंनी कापड. ते कापड प्रत्येक फासळीला शिवावं लागतं आणि ते काम एकट्याचं नाही. एकाने हातभर लांब सुई इकडून खुपसायची, दुसऱ्याने ती ओढून घेऊन फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत खुपसायची. मग पहिल्याने दोरा आवळून गाठ मारायची. दर टाक्याला वेगळी गाठ, म्हणजे एक तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. गाठी ती मारत होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, नुसता आवाज यायचा.

मी चौथी शिकलेला. जन्म गेला ओतकामाच्या कारखान्यात, लाकडी साचे कोरण्यात. मुलगी हॉलंडमध्ये आइंडहोवनला इंजिनिअर आहे, तिच्याकडे आम्ही दोघं राहायला आलो. घरात बसून मी सगळ्यांशी भांडायचो. जावयाशी, टीव्हीशी, भांडी धुवायच्या मशीनशी. शेवटी जावई कंटाळला आणि त्याने मला शहराबाहेरच्या छोट्या विमानतळावर एका शेडमध्ये नेऊन सोडलं. तिथे पाच-सहा रिटायर डच म्हातारे हे विमान नव्याने बांधत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात लाकडी हातोडा दिला आणि सडक्या फासळ्या दाखवल्या. दोन तासांत मी डावा पंख फोडून मोकळा केला. सरसाचे जोड हाडं मोडावीत तसे कडाकडा तुटत होते. कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग तशाच नव्या फासळ्या मीच करून दिल्या. शेडचा प्रमुख, एक उंच म्हातारा, त्यावरून बोट फिरवून म्हणाला, "गुड." आमच्या हिने त्याचं नाव खांब ठेवलं होतं.

शिवणीची वेळ आली तेव्हा तिला तिथे मीच नेलं. आमच्याकडे बारशाला लोक तिच्याकडून गोधडी शिवून न्यायचे. खांबाने मला गाठ शिकवली, मी तिला शिकवली. तिने दोनदा मारून बघितली आणि म्हणाली, "एवढंच होय?"

आता चूक कुठे झाली ते सांगतो. गोधडीत गाठ वर ठेवत नाहीत. गाठ दिसली तर शिवणारी गबाळी ठरते. हिने सवयीने प्रत्येक गाठ सुईच्या बोथट टोकाने भोकातून आत ढकलली. तीन दिवसांत सहा फासळ्या झाल्या. पंख वरून असा साफ, की शिवलाय हे कळू नये. मी पलीकडच्या बाजूला होतो. पण दिसलं असतं तरी मी तिला शाबासकीच दिली असती.

तीन वाजता तपासनीस आला. त्याची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. त्याने शिवणीवरून हात फिरवला आणि विचारलं, गाठी कुठे आहेत? खांबाने माझ्याकडे बघितलं. तपासनिसाने खिशातून भिंग काढलं. गाठी आत दाबून दाबून भोकं रुंद झाली होती. वर गेल्यावर वाऱ्याने कापड तिथूनच फाटेल, म्हणाला. या सहा फासळ्यांवरचं कापड काढा, नवीन लावा, परत शिवा. आवाज चढवला नाही. कॉफी प्यायला आणि गेला.

आवाज चढवला तो मी. चाळीस वर्षांत माझं काम कुणी परत पाठवलं नव्हतं. सगळ्यांसमोर मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत म्हणालो, "हर वर्क. नॉट मी." मग मराठीत सुटलो. "अक्कल कुठे ठेवून आलीस? गोधडी आहे का ही? वरून पडून माणसं मरतील!"

ती दोरा गुंडाळत होती. "मग परत शिवू. ओरडता काय? उद्या लवकर येऊ."

"तू यायचं नाहीस. हात लावायचा नाही परत."

"बरं. मग माझ्या जागी कोण बसणार? खांब? त्याला खाली वाकता तरी येतं का?"

शब्द कळले नाहीत तरी खांब हसला. त्याने माझं डोकं आणखी फिरलं. सुई भिंतीवर फेकून मारली आणि मी बाहेर पडलो. संसारात मी तिच्यावर दोनदा हात टाकलाय, दोन्ही वेळा चूक माझी होती. त्या दिवशी टाकला नाही, एवढंच.

बसचा थांबा दहा मिनिटांवर. मी तरातरा पुढे, ती मागे. तिचे गुडघे गेलेले. पायी चालायची वाट विटांची, खडबडीत. शेजारी सायकलींचा लाल रस्ता, तुळतुळीत. त्यावर पाय ठेवायचा नाही हे जावयाने शंभरदा सांगितलं होतं.

"अहो, थांबा की! दावं तोडल्यासारखे पळताय काय?"

मी थांबलो नाही. मला गाठायला तिने लाल रस्ता धरला असणार. घंटी ऐकू आली. मग ओल्या वाळूचा साचा हातातून निसटून फुटावा, तसा आवाज.

वळलो. ती आडवी पडली होती, डोकं दगडी काठाला, एक चप्पल गवतात. इलेक्ट्रिक सायकलवाला चाळिशीचा बाप्या. तोही पडला होता, पण उठून तिच्याकडे धावत होता. मी त्याला मधेच पकडलं. गळपट्टी धरून तोंडावर हाणली. ओठ फाटला. परत हाणली, नाक फुटलं. त्याने हात वर केला नाही. तो "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला आणि मी मारत राहिलो. कुठून तरी दोन बायका आल्या, त्यांनी मला मागे खेचलं. एकीला कोपर लागून तिचा चष्मा तुटला.

तेवढा वेळ मी तिच्याजवळ बसायला पाहिजे होतं. ती शुद्धीवर होती का, काही म्हणाली का, मला माहीत नाही. मी मारत होतो.

सात वाजायच्या आत हॉस्पिटलमध्ये सगळं संपलं. सायकलवाल्याने पोलिसांना सांगितलं, माझी तक्रार नाही. त्याच्या नाकावर पट्टी होती. रस्ता त्याचा होता, चूक आमची होती. मुलीने एकच विचारलं, "बाबा, तुम्ही आईच्या किती पुढे होता?"

"बराच," मी म्हणालो.



इथे माणूस गेलं की त्याच दिवशी नेत नाहीत. गेमेंटेचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे कागद, मग तारीख, मग पाच-सहा दिवस वाट बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आणि जावई कागदांच्या मागे गेले. मला घरात धरायला काही नव्हतं. बसने शेडवर गेलो.

जावयाने फोन केलेला असावा. सगळे उठून उभे राहिले. खांबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी झटकला. मग हातांनी, तुटक इंग्रजीत तो सांगू लागला. हा पंख तसाच ठेवायचा. भिंतीवर टांगायचा. विमानाला दुसरा डावा पंख करू, लागू दे वर्ष. "हर वर्क. वी कीप." बाकीच्यांनी माना हलवल्या. चांगली माणसं.

क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं. या देशात तिच्या हातचं दुसरं काय होतं? पण टांगलेला पंख बघून येणारा-जाणारा विचारणार, हा उडवला का नाही? आणि कुणीतरी सांगणार, एका बाईने चुकीचा शिवला म्हणून. वर्षानुवर्षं सांगत राहणार. चारचौघांत तिच्याकडे मी एकदा बोट दाखवलं तेवढं पुरे झालं.

मी टेबलावरचा वाकडा सुरा उचलला. खांब आडवा आला. मी त्याला ढकललं, तो बाकावर आदळला. पहिल्या फासळीपाशी सुरा खुपसला आणि खाली ओढला. कापड किंचाळत फाटलं. दोरा तुटेना, इतका घट्ट आवळलेला. टाका न् टाका खरवडून तोडावा लागला. तळहात कापला. मी शिव्या देत होतो. तिला, मला, सायकलवाल्याला, कुणाला ते ठाऊक नाही. सहाही फासळ्या उघड्या पाडल्या.

चिंध्या शेडमागच्या पत्र्याच्या पिंपात टाकल्या आणि काडी लावली. कापड ताणून बसावं म्हणून त्याला जे औषध मारतात ते पेट्रोलसारखं भडकतं. एकदम जाळ वर आला, माझ्या भुवया जळाल्या. खांब बादली घेऊन धावत आला. मी हात आडवा धरून त्याला थांबवलं. विझेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिलो.

मग आत गेलो, हात धुतला, नव्या कापडाचा तागा खाली काढला आणि सहा फासळ्यांचं माप घ्यायला लागलो.