अच्युतरावांची कंडम समिती

सकाळी दूध तापायला ठेवलं की अच्युतराव रिकामी पिशवी उलटी करून धूत, दोन क्लिपा लावून मागच्या दोरीवर वाळत घालत आणि दुपारी चार वाजता तिची चौपदरी घडी करून डब्यात ठेवत. डबे दोन होते. एकावर लिहिलं होतं ‘दूध पिशव्या – चालू’, दुसऱ्यावर ‘दूध पिशव्या – राखीव’. चालू डब्यातली पिशवी कुठल्या कामाला लागल्याचं त्यांच्या बायकोनं, पद्माबाईंनी, एकदाही पाहिलं नव्हतं.

पुलगावच्या डेपोत बत्तीस वर्षं ते भांडार कारकून होते. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. अच्युतराव पद्धत घेऊन आले. खालच्या मजल्यावर न्हाणीघराला लागून एक खोली होती. तिथं वर्षभरात तीन लोखंडी रॅक उभे राहिले. इतरांच्या घरात पसारा असतो. या घरात पसाऱ्याला नंबर होते. जळलेली इस्तरी, दांडी नसलेल्या छत्र्या, जोडीतली एकच चप्पल, सगळं ओळीत, चिठ्ठ्या डकवलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते खोली उघडून दाखवत आणि ‘घर कसं लावावं’ यावर बोलत. लोक वाहवा करत, कारण चहा यायचा असे.

वस्तू फेकायची सोय पद्धतीत नव्हती असं नाही. सरकारी भांडारात निकामी माल समितीपुढे ठेवून ‘कंडम’ करावा लागतो, तशी घरातही समिती होती. सभासद तीन: ते स्वतः, पद्माबाई आणि शेजारचे रूपराव, जे शाळेतून निवृत्त झाले होते. कागदावर तिघांपैकी दोघांच्या सह्या हव्यात, हा नियम अच्युतरावांनीच वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिला होता. दर शनिवारी बैठक भरे. रूपराव चहा संपवून ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणत उठत. तो चहा आत उभी राहून जी करत असे, तिच्या नावापुढे अच्युतराव दर बैठकीत ‘गैरहजर’ लिहीत. अकरा वर्षांत एक टाचणी कंडम झाली नाही.

पद्माबाईंना त्यांचा राग येणं कधीच थांबलं होतं. पोळ्या लाटताना त्या मनातल्या मनात हसत, एवढंच. ते हसू चांगलं नव्हतं.

मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने जिना चढायचा नाही. त्यांचा पलंग वर होता आणि हातात वीस दिवस होते.

वर्ध्याहून लेक आली, स्वरदा. येताना तीन मोठ्या टोपल्या घेऊन आली: एक ठेवायच्या वस्तूंची, एक द्यायच्या, एक टाकायच्या. संध्याकाळपर्यंत टोपल्यांना नंबर पडले आणि त्या दुसऱ्या रॅकवर एकात एक बसल्या.

“बाबा, आईला निजवायचं कुठं?” स्वरदानं विचारलं.

“हॉलमध्ये दिवाण आहे ना. पडदा लावू. पडदा आहे आपल्याकडे, रॅक तीन, खालचा कप्पा.”

पद्माबाईंनी ऐकलं. हॉलचं दार रस्त्यावर उघडायचं. पेपरवाल्यापासून वर्गणी मागणाऱ्यांपर्यंत सगळे तिथंच येणार, आणि त्यांच्यादेखत वॉकर ठोकत न्हाणीघरापर्यंत जायचं, बावीस पावलं. त्यांनी मोजली होती. मोडक्या छत्र्या खोलीत निजणार होत्या आणि बायको रस्त्यावर, पडद्याआड.

शनिवारी रूपराव आले तेव्हा पद्माबाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

“तू काऊन बसली?” अच्युतरावांनी विचारलं.

“मेंबर आहो ना मी.”

“चहाचं काय मग, वहिनी?” रूपराव म्हणाले.

“ठेवला आहे, भाऊजी. सह्या झाल्या की गाळते.”

अच्युतरावांनी घसा साफ केला, वही उघडली. “नंबर एक. मिक्सरचं भांडं, पातं नसलेलं.”

“कंडम,” पद्माबाई म्हणाल्या.

“कारण लिहावं लागते.”

“पातं नाई, हेच कारण.”

“पातं मिळू शकते.”

“अकरा वर्षांत मिळालं नाई. जावकचा रकाना पाहा, तुमच्याच अक्षरात कोरा आहे.” मग त्या वळल्या. “बोला भाऊजी. चहा उकळून राह्यला.”

रूपरावांनी एकदा मित्राकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडे. आल्याचा वास येत होता. “माही सही घ्या, वहिनी,” ते म्हणाले.

दोन सह्या झाल्या. नियम लाल शाईतला होता. अच्युतरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि ‘निरुपयोगी’ असं वळणदार लिहिलं.

पुढचं पद्माबाईंना अपेक्षित नव्हतं. त्यांनी भांडणाची तयारी ठेवली होती, निदान एखाद्या सुस्काऱ्याची. पण दहाव्या नंबराला अच्युतराव रंगात आले. नवं पान आखलं, कार्बन घातला. दोन दिवसांत त्यांनी चारशेच्या वर वस्तू कंडम केल्या, स्वतःच्या आईच्या कंदिलासकट. ज्या माणसाला वस्तूंचा लळा आहे असं समजून आपण अकरा वर्षं गप्प राहिलो, त्याचा जीव वस्तूंवर नव्हताच, वहीवर होता. पद्माबाईंना हे कळलं आणि आतापर्यंत राखलेली थोडीशी कीवही त्यांनी सोडून दिली.

कबाडी आला. अच्युतरावांनी माल मिळाल्याची सही मागितली.

“काका, मले सही नाई येत. ठेला भरू का?”

अंगठा घ्यायला त्यांनी शाईचं पॅड काढलं. ते वाळून खडखडीत झालं होतं. तेही ठेल्यावर गेलं. तीन रॅक मात्र कंडम होईनात, कारण ते धड होते. पद्माबाईंनी ते रूपरावांच्या अंगणात कुंड्या ठेवायला देऊन टाकले, त्याला सही लागत नव्हती.

खोलीला खिडकी होती, हे सगळे विसरले होते. ऑपरेशननंतर पद्माबाई तिच्याखाली निजल्या. दुपारी फरशीवर उन्हाचा चौकोन पडे आणि चारच्या सुमारास भिंतीवर चढे. न्हाणीघर सहा पावलांवर होतं.

टाकलेलं काहीतरी आता लागेल, याची अच्युतराव वाट पाहत राहिले. कुकरची रिंग गेली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला; पण पद्माबाईंनी तासाभरात नवी मागवली. दीड वर्ष गेलं. काहीच लागलं नाही. दुधाच्या पिशव्या तेवढ्या वाळत राहिल्या, त्यांना कोणी हात लावला नाही.

माघात एका दुपारी जेवून आडवे झाले ते अच्युतराव उठले नाहीत. त्या दिवशी सकाळी पिशवी दोरीवर टाकून ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते. पद्माबाई पलंगावर बसून गुडघ्यांना तेल लावत होत्या. अच्युतरावांनी पायथ्याकडची मोकळी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली, वितीनं मोजली आणि म्हणाले,

“अवो, इथं एक लहानसा रॅक बसते.”