चाड्यावरची मूठ

जालन्याच्या कॉलेजात माझ्या मैत्रिणी कशाचाही ‘श्रीगणेशा’ करायच्या. आमच्या घरात मात्र मूठ धरली जायची. पेरताना तिफणीवरच्या लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, मुठीतून बी सोडत चालायचं, ती ही मूठ. आईनं तो शब्द वावराबाहेर आणला होता. पापड लाटायचे असोत की माझी परीक्षा असो, "धरली का मूठ?" असंच ती विचारायची.

खरी मूठ म्हणजे काकूची, माझ्या थोरल्या चुलतीची. तिनं पेरलेली ज्वारी उगवली की बघत राहावं, कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. वाटूरच्या रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, कोणी पेरलं म्हणून. मला तिचा भारी अभिमान होता.

एका उन्हाळ्यात काका वारले. दसऱ्याच्या सुटीत मी घरी आले तेव्हा रब्बीची पेरणी तोंडावर आली होती, आणि आमच्याकडं पहिली मूठ सवाशीणच धरते. काकूनं आपल्या हातानं बियाची ओटी आईच्या कमरेला बांधली आणि बांधावर जाऊन बसली. मला त्या रीतीचा संताप आला, पण बोलायची हिंमत झाली नाही.

वडिलांनी बैल हाकले. दहा-पंधरा पावलं गेल्यावर मागं पाहिलं नि तिफण थांबवली. तासात, म्हणजे तिफणीनं पाडलेल्या चरीत, एका जागी दाण्यांचा ढीग आणि पुढं हातभर काहीच नाही.

"काय करून राह्यलीस?"

"मला न्हाई जमत," आई म्हणाली. "जाऊबाईंना बोलवा, न्हाईतर समदं बी वाया जाईल."

वडिलांनी बांधाकडं एकदा पाहिलं.

"मंग बोलाव जल्दी."

काकू आली. आईच्या कमरेची ओटी सोडून तिनं आपल्या कमरेला बांधली आणि मूठ धरली. पुढं दरवर्षी मूठ तिचीच राहिली. गावानं आईला वेंधळी ठरवलं आणि आईनं ते हसून घेतलं.

बऱ्याच वर्षांनी काकूचे गुडघे गेले आणि मूठ आईकडं आली. मी माहेरी आले तेव्हा ज्वारी उगवून आली होती. तास बघून मी जागीच थांबले. हुबेहूब काकूचा हात.

"तुला तर येत नव्हतं ना?"

"न यायला काय झालं? लगीन होऊन आल्ते त्याच साली शिकवलं जाऊबाईंनी."

म्हणजे बांधावर बसलेल्या काकूला त्या दिवशी सगळं कळलं होतं.