बिनसाखळीची गाडी आणि सावळारामतात्या

सणसर मागे पडलं तोवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि सावळारामतात्या तासभर एक शब्द बोलले नव्हते. पुढे कुंडलिकची बैलगाडी, तिच्यात कासऱ्यांनी आवळून उभी बांधलेली मोटारसायकल, आणि मागे आम्ही दोघं पायी. लासुर्ण्यापासून असेच चालत आलो होतो. बैलांवर आधीच एवढं लोखंड, त्यात आपला भार नको, असं तात्या निघतानाच म्हणाले होते.

कुंडलिक मात्र खुशीत होता. सकाळीच त्याच्या सुनेची मी सुटका केली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप होती. त्यानं मागे वळून विचारलं, “तात्या, आता उचला की पुढचं चाक. आज तर दोन्ही वर हायत.”

तात्या हसले नाहीत. एरवी त्यांनी कुंडलिकला दोन तरी ऐकवल्या असत्या.

मी तेव्हा बारामतीच्या एका दवाखान्यात सुईणीचं काम करत होते. साल चोपन्न. ही मोटारसायकल लोणी भापकरच्या आबासाहेबांची, लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली. आबासाहेबांची धाकटी बहीण बाळंतपणात वेळेवर कुणी न पोचल्यामुळे गेली होती. म्हणून त्यांनी गाडी दवाखान्याला वापरायला दिली आणि चालवायला सावळारामतात्यांना ठेवलं. तात्या लढाईत गाडीवरून लष्कराचं टपाल पोचवत. माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यामुळे मी त्यांच्या मागे बसून हिंडते याबद्दल चार बायका बोलल्या आणि गप्प बसल्या.

त्या गाडीला साखळी नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडा जायचा, आणि त्याच्या टोकाची दातेरी चाकं मागचं चाक फिरवायची. तात्या दर इतवारी तिला पुसायचे. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

त्यांची एक खोड होती. गाडीचं पुढचं चाक उचलून ते नुसत्या मागच्या चाकावर गाडी पळवायचे. लष्करात खड्डे ओलांडताना शिकलेली विद्या. आमच्याकडे ती कामीही यायची. उसाला पाणी सोडलेलं असलं की वाट अडवून पाट वाहायचे. तात्या मला उतरवायचे, चाक अलगद उचलून पाट ओलांडायचे, आणि पलीकडे माझी वाट बघत थांबायचे. तेवढ्यावर भागलं असतं. पण जत्रेत पोरंसोरं मागे लागली की त्यांच्यानं राहवत नसे. आबासाहेबांनी तंबी दिली होती, पुन्हा चाक उचलल्याचं कानावर आलं तर गाडी पुण्याला पुतण्याकडे जाईल. आणि दिवाळीनंतरच्या जत्रेत तात्यांनी ती तंबी मोडली. त्याला जेमतेम चार दिवस झाले होते, तोच लासुर्ण्याहून परतताना मागून कडाड आवाज आला. इंजिन धडधडत राहिलं, चाक मात्र फिरेना.

गाडी गेली तर काय, ते आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं. त्या महिन्यात पाच जणींचे दिवस भरत आले होते, आणि त्यातल्या तिघी अशा वस्त्यांवर की पायी जायला अर्धा दिवस लागावा.

वाटेतल्या मारुतीला मी हात जोडले. गाडी राहू दे, एवढंच मागितलं. मग न राहवून तात्यांना विचारलं, खरं सांगा, चाक उचलल्यानं झालं का हे?

कालव्याच्या पुलावर आल्यावर तात्या म्हणाले, “बाई, मोटेचा नाडा बघितलाय न्हवं? बैलानं हिसका दिला तर नाडा ताणतो, थोडं सोसतो. साखळीचं तसंच. हिच्यात नाडाच न्हाय, सळई हाय. हिसका दिला की समदा दातावर.”

“मग पाट ओलांडताना?”

“तवा मी हिसका देतच न्हाय. क्लच हळू सोडायचा, अंग मागं टाकायचं, चाक आपसूक उठतं. तसं शंभरदा उचललं तरी दातांना काय होत न्हाय. जत्रंत...” एवढं बोलून ते पुढे गेले आणि सैल झालेला कासरा आवळू लागले.

बारामतीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दवाखान्यामागच्या छपरात गाडी उतरवली. तात्यांनी मागच्या चाकाजवळचं झाकण खोललं, आत बोटं घातली आणि तशीच माझ्यापुढे धरली. तेल नव्हतंच. काळा, चिकट गोळा होता, त्यात अंबाडीचे तंतू. वास घेताच मी ओळखलं. माझ्या माहेरी बैलगाडीच्या कण्याला हेच लावायचे, एरंडेलात काजळी कालवून केलेलं वंगण.

मग उलगडा झाला. दसऱ्याला तात्या तापानं पडले होते. खंडेनवमीच्या पूजेसाठी आबासाहेबांनी गाडी लोणी भापकरला नेली होती. तिथे पूजेआधी सगळ्या बैलगाड्यांना नवं वंगण घालायची रीत. आबासाहेबांचा गाडीवान जोतीराम, त्याला वाटलं असणार, हीसुद्धा गाडीच. त्यानं आतलं तेल जुनं काळं झालंय म्हणून ओतून दिलं आणि भक्तिभावानं वंगण ठासलं असणार. दसऱ्यानंतर परत आलेल्या गाडीच्या टाकीवर हळदीकुंकवाची बोटं होती, ती मला आठवली.

कुंडलिकनं मांडीवर थाप मारली. “सुटलात तात्या. आबासाहेबांच्याच घरचं वंगण निघालं. आता त्यांच्या तोंडून शब्द निघायचा न्हाय.”

मलाही हायसं वाटलं. मनातल्या मनात मी मारुतीला नारळसुद्धा बोलून टाकला.

तात्या मात्र दातेरी चाक रॉकेलमध्ये धूत बसले. धुऊन झाल्यावर त्यांनी ते उजेडात फिरवून दाखवलं. सगळे दात झिजून बोथट झाले होते. दोन मात्र मुळापासून तुटलेले, आणि तुटल्या जागी लोखंड नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

“झिजलं ते वंगणानं,” ते म्हणाले. “हे दोन हिसक्यानं तडकलं व्हतं, ते आज मोडलं. जत्रंत लोक वरडायला लागलं आन मी क्लच एकदम सोडला. आन दसऱ्यानंतर मी ह्यात बोट घालून बघितलं व्हतं. तेलकट लागलं, तेवढ्यावर झाकण लावलं. बोटाकडं बघितलं न्हाय.”

मग ते उठले, कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक उघडली आणि तेलकट कागदात गुंडाळलेली जोडी बाहेर काढली. लष्कराच्या मोडीतून आणून ठेवलेली तशीच दातेरी चाकं, एकदाही न वापरलेली. उद्या दुपारपर्यंत गाडी उभी राहील, म्हणाले. आवाजात पहिल्यांदा जीव आला होता.

तेवढ्यात बाहेर आबासाहेबांच्या छकड्याच्या घुंगरांचा आवाज आला. बाजाराला आले होते, गाडी मोडल्याचं वाटेतच कळलं असणार. कुंडलिकनं वंगणाचा गोळा कागदावर घेतला आणि दारात ठेवला, आल्याआल्या दिसावा असा. तात्यांनी तो उचलून तुटक्या दातांच्या शेजारी ठेवला. हात फडक्याला पुसले आणि माझ्याजवळ आले.

“बाई, माझं ते ऐकून घ्यायचे न्हाईत. तुमचं ऐकतील,” ते हळूच म्हणाले. “वंगणाचं जरूर सांगा, न्हाईतर पुढच्या दसऱ्याला पुन्ना घालतील. फकस्त आधी जत्रंचं सांगा, मग वंगणाचं.”