आधी मोटर, मग स्विच

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. जेवताना दोनदा उठतील, टीव्हीपुढे बसवलं तर रिमोटचं झाकण उघडून आत बघतील. बोटींच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्याशी लग्न ठरलं तेव्हा वाटलं होतं, दिवसभर राबून आला की माणूस घरी शांत बसेल. कसलं काय.

त्यात दादाच्या बोटीचं दुखणं उपटलं. दादा माझा सख्खा भाऊ, या काठावरून त्या काठावर माणसं पोचवतो. बोटीच्या मागची मोटर बटणावर सुरू होते, पण बॅटरी सारखी मरायची. नवी आणली, तीही मेली, आणि तीही भर प्रवाहात, बोट माणसांनी भरलेली असताना. दादा येऊन ह्यांच्यावरच भडकला, जशी काही ह्यांनीच बॅटरी खाल्ली.

"बॅटरीचा दोष नाही, ती चार्जच होत नाहीये," हे म्हणाले आणि मीटर लावला. मोटर सुरू झाली की आकडा चौदा व्होल्टच्या आसपास चढायला हवा, तो बारावरच अडून बसला. फ्यूज ठीक, जोडण्या घट्ट. मग मोटरीतल्या कॉइलच्या तीन वायरी सोडवून दोन-दोन करून तपासल्या, तर सगळीकडे सारखाच आकडा. म्हणजे कॉइल वीज बनवत होती, पण ती बॅटरीजोगी करून देणारा रेग्युलेटर जळला होता. नवा बसवला, सगळे खूश. थोड्याच दिवसांत तोही जळला.

झालं. "जळला ते कळलं, का जळला ते कळत नाही," म्हणत घरभर येरझाऱ्या. "बसा हो जरा, मला गरगरायला लागलंय," मी ओरडले. शेवटी हे दादाच्या बोटीतच जाऊन बसले. माझाही जीव घरात लागेना, मीही गेले.

बोटीत बाबा असतात, आमचे वडील. हल्ली विसरतात. चहा पिऊन झाला की चहा मागतात. पण पाण्यावर ते अजून पूर्वीचे बाबा असतात. दोरी अचूक फेकतात, कोणी कुठे बसायचं ते दटावून सांगतात. घरी ठेवलं तर खिडकीशी बसून रडतात, आणि ते मला बघवत नाही.

पलीकडच्या काठाचा धक्का जवळ आला. दादाची नजर समोर, मोटर चालू, आणि बाबांनी शांतपणे वाकून बॅटरीचा मेन स्विच बंद केला. ह्यांनी डोळेच मिटले. चालत्या मोटरीची बॅटरी तोडली की विजेला जायला वाट राहत नाही, रेग्युलेटर जळतो.

"बॅटरी वाचवतोय," बाबा म्हणाले. दादा बॅटरीच्या नावानं जितका शंख करी, तितक्या लवकर ते स्विच बंद करत होते.

"बस झालं. उद्यापासून बाबा घरी," दादा म्हणाला.

मी उसळले. "बाप आहे तुझा, स्टेपनी नाही काढून ठेवायला."

"मग माणसं बुडवू?" तोही काही खोटं बोलत नव्हता.

ह्यांनी मुकाट्यानं नवा रेग्युलेटर बसवला. खरा स्विच फळीखाली लपवला आणि बाबांच्या हाताशी तसाच एक, कशालाच न जोडलेला, बसवला. "आता फिरवू देत हवा तितका," मला हळूच म्हणाले. इतकं प्रेम मला ह्यांच्यावर फार कमी वेळा आलंय.

दुसऱ्या दिवशी धक्का दिसताच बाबांनी स्विच फिरवला. स्विच बंद केला की विझतो त्या दिव्याकडे बघितलं. पुन्हा फिरवला.

"जावईबापू, दिवा विझत नाही. हा स्विच खोटा आहे."

दादा नको तिकडे बघायला लागला.

"माझं चुकत होतं का? मग सांगायचं ना. आधी काय बंद करायचं?"

खरंच की, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मला आमची सगळ्यांची लाज वाटली. हे त्यांच्यापुढे उकिडवे बसले. "आधी मोटर, बाबा. मग स्विच."

खरा स्विच परत जागेवर आला. बाबांना हे उद्या आठवणार नाही, ते आम्हाला माहीत होतं. आता धक्का दिसला की दादा एका हातानं मोटरीचा दांडा धरतो आणि दुसऱ्या हातानं बाबांचा हात. मोटर बंद झाली की हात सोडतो आणि म्हणतो, "आता, बाबा." बाबा वाकून स्विच बंद करतात. रेग्युलेटर अजून तोच आहे.