नदीत गाडी घालणाऱ्या लीलाताई

लीलाताई गजभिये आनंदात असल्या की उभ्यानेच बोलत. त्या दिवशी मी परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या अंगणात पोचलो, तेव्हा त्या फडक्यात काचेचा गरम पेला धरून उभ्याच होत्या. मला चपला काढू न देताच त्यांनी तो पाण्याच्या थाळीत उपडा घातला. पेला निवत गेला तसं थाळीतलं पाणी आतल्या आत वर चढू लागलं.

"बघितलं, जोशी भिया? हेच झालं आपल्या गाडीला. पाणी घुसलं नाही, गाडीनेच ओढून घेतलं," त्या म्हणाल्या. चेहरा असा, की जणू घरात लग्न ठरलं आहे.

खरं तर प्रसंग आनंदाचा नव्हता. आमची कापड मिल बंद पडली तेव्हा तिची शाळा आणि दवाखानाही बंद झाला. शाळेत लीलाताई विज्ञान शिकवत, दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. पुढे शहरातल्या एका संस्थेने मानपूरच्या घाटाखाली, नदीपलीकडच्या गावांसाठी फिरता दवाखाना काढला आणि आम्हा दोघांना कामावर घेतलं. गाडी म्हणजे फौजेच्या लिलावातली जुनी डिझेल व्हॅन, चारही चाकांना जोर असलेली. ड्रायव्हर टिकेना, म्हणून लीलाताईच ती चालवू लागल्या. त्यांचे वडील महूच्या फौजी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांनी मुलींना सायकलच्या आधी जीप शिकवली होती.

पहिल्याच पावसाळ्यात नदी ओलांडून आल्यावर व्हॅन करकरू लागली. अ‍ॅक्सलचं खालचं बूच उघडलं तर ऑइलचा दुधाळ चहा झाला होता, आतल्या बेअरिंगा खलास. गाडी महिनोन्महिने उभी राहिली. संस्थेतले लोक विकायचं म्हणू लागले. शहरात रोज नव्या गाड्यांची शोरूम उघडत होती, या जुनाट धुडाचे पार्ट कोण शोधणार? लीलाताईंनी एका पावसाळ्याची मुदत मागून घेतली आणि गाडी अंगणात आणून लावली.

पेल्याची गोष्ट त्यांनी मला गाडीखाली आडवं करून समजावली. चालून चालून अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स तापतात. तसेच थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या भोकातून पाणी आत ओढलं जातं. भोक बुजवलं तर तापलेली हवा कोंडून सील फुटतात. म्हणून प्रत्येक भोकाला नळी जोडून ती वर, छपरापर्यंत न्यायची. "श्वास घेऊ द्यायचा, फक्त नाक वर ठेवायचं. बस, इतनी सी बात," असं त्यांचं म्हणणं. मी सलाइनच्या नळ्या सुचवल्या. त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या की गरम तेलाने त्या मऊ पडतील. मग आम्ही सियागंजचा बाजार पालथा घालून तेलाला टिकणाऱ्या नळ्या आणि नवी ऑइल सील आणली. इंजिनाला हवा देणारा पाइपही छपराच्या वर गेला. क्लचच्या डब्याला तळाशी एक भोक होतं, त्याच्यासाठी बूच करून घेतलं. पाण्यात शिरण्याआधी ते लावायचं आणि बाहेर आल्यावर आठवणीने काढायचं.

चाचणी बेटम्याजवळच्या एका तलावात झाली. काठावर निम्मं गाव जमलं. दिवे बुडेपर्यंत गाडी आत गेली आणि फेसाळत बाहेर आली. लीलाताईंनी ऑइलमध्ये बोट बुडवून पाहिलं. मागच्या अ‍ॅक्सलचं दुधाळच निघालं. माझा चेहरा पडला. त्या मात्र खुश. "पुढचं साफ आहे, गिअरबॉक्स साफ आहे. आता एकच जागा शोधायची राहिली. मजा आली ना?" दुसऱ्या खेपेला तेही साफ निघालं. त्यांनी तेलकट बोट जमलेल्या लोकांना फिरून फिरून दाखवलं.

खरी परीक्षा श्रावणात आली. पलीकडच्या गावात हगवण-उलट्यांची साथ पसरल्याचा निरोप मिळाला. सलाइनची खोकी भरून आम्ही पोचलो तर नदीवरचा रपटा, म्हणजे तो ठेंगणा फरशीपूल, पाण्याखाली. समोरच्या काठावरून माणसं हात हलवून बोलावत होती. लीलाताई कमरेला दोर बांधून थोडं आत चालत गेल्या आणि परत आल्या.

"नाही. आता नाही," त्या म्हणाल्या.

मी चिडलो. एवढा खटाटोप मग कशासाठी केला, असं विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "खोल पाण्याची तयारी केली आहे भिया, धावत्या पाण्याची नाही. ते गाडीला उचलून नेतं. ओढ कमी होऊ दे."

त्या काठच्या एका दगडावर बसून राहिल्या. तेवढ्या वेळात चाकं आणि अ‍ॅक्सलही निवले. ऊन कललं तशी पाण्याची ओढ मंदावली. लीलाताई उठल्या, क्लचचं बूच लावलं, इंजिनावर पाणी उडू नये म्हणून पंख्याचा पट्टा काढला. मग खालच्या गिअरमध्ये, एका लयीत, गाडी आत घातली. पाणी दारांच्या फटींतून आत आलं, माझे पाय भिजले, मांडीवरचं खोकं मी छातीशी धरलं. मधोमध एक चाक दगडावर घसरलं. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडला नाही की दाबलाही नाही. बाकीच्या चाकांनी गाडी ओढून काढली. काठावर चढलो तेव्हा त्या मोठ्याने हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सगळ्यांना सलाइन लागली. मुलं वाचली. एक म्हातारा मात्र आम्ही पोचण्याआधीच गेला होता. परतताना लीलाताईंनी विचारलं, लवकर आलो असतो तर तो वाचला असता का? मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "तरीही थांबलेच असते."

काही वर्षांनी तिथे पूल झाला. लीलाताई तोवर मुलीकडे नागपूरला राहायला गेल्या होत्या, पण उद्घाटनाला हौसेने आल्या. पाहुण्यांच्या चकचकीत गाड्या पुलावरून निघाल्या. लीलाताईंनी मात्र आमच्या व्हॅनची किल्ली मागितली, मला शेजारी बसवलं आणि पुलाकडे न वळता थेट नदीत उतरल्या. पाऊस सरला होता, पाणी खोल पण निवांत होतं. पुलावरचे लोक कठड्याला येऊन बघू लागले. पलीकडे पोचलो तेव्हा गावातली एक बाई हसत म्हणाली, "बाई, अब तो ऊपर से आतीं."

ती आमची शेवटची भेट. पुढे त्या गेल्याचं मुलीने फोनवर कळवलं. पण त्या दिवशी, ओल्या पायांनी गाडीतून उतरून लीलाताई त्या बाईला म्हणाल्या होत्या, "ऊपर से तो अब सब आएँगे. इसी की तो खुशी है."